आरसीसी कन्सल्टंट मंडळींना खुलं पत्र: आतल्या भिंतींना स्लॅबला धरायला काहीतरी द्या

महाराष्ट्रातल्या समस्त आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा डिझाइन करणारे सर आणि मॅडम,

नमस्कार. मी साइट इंजिनियर. तुमची ड्रॉइंग ज्याच्या हातात येतात, सिमेंटच्या हातांनी ज्याच्याकडून त्यांच्या कडा फाटतात आणि जो रात्री नऊला व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "सर इथे रिंग किती अंतरावर" विचारतो, तो. कुठल्या एका ऑफिसवर राग काढायला लिहीत नाहीये, वेगवेगळ्या कन्सल्टंटकडची ड्रॉइंग हाताळलीत आणि एक गोष्ट सगळीकडे सारखीच गायब दिसली म्हणून जाहीर लिहितोय.

विषय आतल्या पार्टिशन भिंतींचा. चार इंची एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकच्या), अर्ध्या विटेच्या, बेडरूम आणि हॉलच्या मधल्या, टॉयलेटच्या, डक्टच्या. या भिंती खालच्या स्लॅबवर नुसत्या उभ्या असतात आणि वरच्या स्लॅबखाली नुसत्या अडकवलेल्या असतात. त्यांना खाली-वर कशानं धरायचं, किती अंतरावर धरायचं, धरायचंच की नाही, हे तुमच्या ड्रॉइंगच्या सेटमधल्या एकाही शीटवर नसतं. कॉलमच्या रिंगांचा १३५ अंशांचा हूक सुद्धा मोठा करून दाखवलेला असतो, आणि ते बरोबरच आहे, पण एक टनाची भिंत कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल ते आर्किटेक्टचं काम. आर्किटेक्टच्या प्लॅनवर ती भिंत म्हणजे दोन समांतर रेषा आणि मध्ये हॅच. त्यांना विचारलं की ते म्हणतात "कन्सल्टंटना विचारा". तुमच्या मॉडेलमध्ये ती भिंत म्हणजे बीमवर टाकलेला एक लोड, तेवढा घेतला की तुमच्या लेखी भिंत संपली. बिल्डरच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीत, ती चौरस मीटरचा रेट. ठेकेदारासाठी तीही रेटच, आणि गवंड्यासाठी आजची हजेरी. इतक्या जणांच्या हातातून ती जाते पण ती पडणार नाही हे बघायचं काम कोणाच्याच नावावर नाही, आणि साइटवर मग काय होतं तर मिस्त्री आपल्या आधीच्या साइटवर जसं केलं तसंच करतो. आधीच्या साइटवरही कोणी सांगितलेलं नसतं.

अजून एक गंमत बघा. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी तुमचा माणूस सळई चेक करायला येतोच येतो, कव्हर ब्लॉक मोजतो, चेअर हलवून बघतो, सही करतो आणि मग आम्ही भरतो. ब्लॉकवर्क चालू असताना तुमच्याकडचं कोणी आलेलं मी तरी बघितलेलं नाही. शेवटच्या स्लॅबनंतर तुमची आमची भेट एकदम कम्प्लिशन सर्टिफिकेटला. मधल्या काळात इमारतीत शेकडो टन भिंती चढतात.

आता जिप्समवाले बघा. कमर्शियलच्या साइटवर ड्रायवॉलचं काम चालू असेल तर जरा उभं राहून बघा. खाली स्लॅबवर पत्र्याचा चॅनल, वर स्लॅबला चॅनल, दोन्हीकडे दर ६०० मिमीवर फास्टनर, कंपनीचा सुपरवायझर टेप लावून मोजतो. त्या भिंतीचं वजन चौरस मीटरला पंचवीस-तीस किलो. तिच्याच शेजारी आमची चार इंची ब्लॉकची भिंत, दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून चौरस मीटरला शंभर किलोच्या वर, आणि तिला खाली-वर एक खिळा नाही. हलकी भिंत बांधलेली आणि जड भिंत मोकळी, हे बघून मला तरी हसू येतं, पण हसण्यासारखं नाही ते.

हिशोब करतो, तुम्हाला शिकवायला नाही, वाचणाऱ्या बाकी लोकांसाठी. तीन मीटर लांब आणि २.८ मीटर उंच भिंत धरा. १०० मिमी एएसी ब्लॉक, घनता घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, म्हणजे ब्लॉकचे साडेपाचशे किलो. वर दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लास्टर, त्याचे अजून चारशे. झाले साडेनऊशे. तीच भिंत अर्ध्या विटेची असेल तर सव्वादोन टनांच्या घरात. आता भूकंपात त्या भिंतीवर तिच्या वजनाच्या पाव पट आडवा जोर आला असं धरा, वरच्या मजल्यांवर तो जास्तही येऊ शकतो पण पाव धरू. ब्लॉकच्या भिंतीवर झाले साधारण २४० किलो, त्यातले निम्मे खाली, निम्मे वर. खाली भिंतीचं सगळं वजन बसलेलं आहे, घर्षणच एवढं मिळतं की १२० किलोला ती सहसा सरकत नाही. वर काय आहे? वर भिंतीवर वजनच नाही, त्यामुळे घर्षणही नाही, फक्त शेवटच्या थराच्या वर कोंबलेला सिमेंट-वाळूचा मसाला. म्हणजे ज्या टोकाला पकडायची सगळ्यात जास्त गरज तिथेच आपण सगळ्यात ढिसाळ काम करतो, आणि तेही दिवसाच्या शेवटी, परांचीवर मान वाकडी करून.

त्यात जी भिंत वरपर्यंत जातच नाही तिचं तर विचारूच नका. ऑफिसात, शाळेत, क्लिनिकमध्ये सात फुटांवर भिंत थांबवतात, वर फॉल्स सीलिंग, दिसायला सगळं बंद. ही भिंत म्हणजे कॅन्टिलिव्हर झाली, फक्त पायाशी धरलेली, वर मोकळी. वरच्याच आकड्यांनी केलं तर पायाशी येणारा मोमेंट (भिंत वाकवणारा जोर) दर मीटरला ६० किलो-मीटरच्या आसपास, आणि भिंतीच्या स्वतःच्या वजनानं तो अडवायची ताकद त्याच्या पाव. बाकी सगळं पहिल्या थराखालच्या मसाल्याच्या पकडीवर. तो ताण काढला तर ०.२ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या वर जातो आणि आयएस १९०५ हा विटा-ब्लॉकच्या भिंतींचा कोड चांगल्या मसाल्याला सुद्धा अशा वाकण्यात ०.०७ देतो. तिप्पट झालं हो हे. आणि तेही स्लॅब स्वच्छ असेल, पहिला थर नीट बसलेला असेल तर.

स्लॅब स्वच्छ असतो का ते आता सांगतो. स्लॅब भरल्यावर वर जी साय येते, पांढरट, नखानं खरवडली तर पीठ होणारी, ती काढायची म्हणजे टाचे मारायचे, ब्रशनं झाडायचं, पाणी मारायचं, सिमेंटची रबडी फिरवायची आणि मग पहिला थर. प्रत्यक्षात सेंट्रिंग निघतं, खाली पडलेला माल, लाकडाचा भुसा, खिळे, तेलाचे डाग, सगळ्यावरून एकदा झाडू फिरतो आणि दोरी लागते. पहिला थर लेव्हल करायला म्हणून कुठे दहा मिमी कुठे पन्नास मिमी मसाला. मी एका साइटवर भिंत तोडताना बघितलं, पहिल्या थराखालचा मसाला अख्खा चादरीसारखा उचलला गेला, खालच्या बाजूला स्लॅबच्या फिनिशिंगच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या, म्हणजे चिकटलाच नव्हता कधी. दिसायला भिंत एकदम ओळंब्यात होती.

वरच्या सांध्यात दोन प्रकार चालतात आणि दोन्ही चूक. पहिला प्रकार, घट्ट पॅकिंग. भिंत चढली की त्याच आठवड्यात विटांचे तुकडे आणि मसाला ठोकून ठोकून भरायचा, बीमखाली एकदम टाइट. त्यानंतर स्लॅब वाकत जातो, फरशी पडते, वरच्या मजल्याच्या भिंती येतात, क्रीप, म्हणजे भाराखाली काँक्रीटचं हळूहळू दबणं, वर्षानुवर्षं चालू राहतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये तुम्हीच वाचलेलं आहे, पार्टिशन आणि फिनिशिंग झाल्यानंतरचं डिफ्लेक्शन (वाकणं) स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, भागिले ३५० किंवा २० मिमी, जे कमी ते. म्हणजे चार मीटरच्या स्पॅनला अकरा-साडेअकरा मिमी, पाच मीटरला चौदा. कोड स्वतः सांगतो की भिंत बांधून झाल्यावर वरचा स्लॅब एवढा खाली येऊ शकतो, आणि आपण तिथे शून्य जागा ठेवतो! मग तो भार भिंतीवर बसतो, भिंत खालच्या स्लॅबवर देते, ज्या भिंतीला तुम्ही नॉन-लोडबेअरिंग म्हणता ती चोरून लोड घ्यायला लागते. ताबा मिळून दोन वर्षांनी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते ती बऱ्याचदा इथून. सोसायटीवाले म्हणतात प्लास्टर खराब होतं, पेंटर पुट्टी भरतो, पुढच्या उन्हाळ्यात भेग परत.

दुसरा प्रकार, फट सोडायची. हा सल्ला चांगला आहे, कोणीतरी कुठेतरी ऐकलेला असतो. पण सोडलेल्या फटीत काय भरायचं आणि भिंत आडवी कशानं धरायची हे पुढचं वाक्य कोणी सांगितलेलं नसतं. एका रिडेव्हलपमेंटच्या कामावर प्लास्टर फोडून बघितलं तर वरच्या वीस मिमी फटीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे तुकडे चुरगळून भरलेले, एका ठिकाणी थर्मोकोल, एका ठिकाणी गुटख्याच्या पुड्या, आणि त्यावरून झकास प्लास्टर. बेडरूमची भिंत होती, इलेक्ट्रिशियननं स्विचबोर्डासाठी कटर फिरवला तेव्हा भिंत थरथरली म्हणून शंका आली, मी तळहात टेकवून ढकललं तर वरची कडा स्लॅबखाली पुढेमागे व्हायला लागली. बारीकच, दोन-तीन मिमी असेल, पण पुढेमागे. त्या भिंतीवर उद्या पंचावन्न इंची टीव्ही लागणार होता, पलीकडच्या बाजूला बाथरूमचा गीझर.

चिकन मेशबद्दल (प्लास्टरखालच्या बारीक तारेच्या जाळीबद्दल) पण बोलून घेतो कारण दर वेळी हेच उत्तर मिळतं, "मेश मारली आहे ना, मग झालं". आरसीसी आणि ब्लॉकच्या सांध्यावर मारलेली मेश प्लास्टरची भेग कमी करायला असते. ती प्लास्टरच्या पोटात असते, खिळे दोन इंचांवर वाकडे मारलेले, निम्मे उडून गेलेले. टनाची भिंत तिच्या भरवशावर सोडायची नसते. मेश चांगलीच आहे, लावाच, पण तिला अँकर म्हणू नका आणि आम्हालाही म्हणू देऊ नका.

मग पाहिजे काय? वरच्या टोकाला पाहिजे असं काहीतरी जे स्लॅबला खाली यायला मोकळीक देईल पण भिंतीला आडवं हलू देणार नाही. साधी गोष्ट आहे, लोखंडी ॲंगलचे तुकडे, भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, वरच्या स्लॅबच्या तळाला फास्टनरनं पक्के, भिंतीला मात्र कशानंही जोडायचे नाहीत. भिंत दोघांच्या मध्ये उभी, वर १५-२० मिमी मोकळं, त्यात दबणारं मटेरियल आणि तोंडाला सीलंट. जिथे आगीचा प्रश्न आहे, लॉबी किंवा जिन्याची भिंत, तिथे मिनरल वूल. ॲंगल दिसतात म्हणून इंटिरियरवाले ओरडतील, तर त्यांच्यासाठी दुसरा मार्ग, वरच्या स्लॅबमधून खाली लोंबणारा ८ मिमीचा डॉवेल (सळईचा तुकडा), खालचं टोक पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात मोकळं, आणि तो तुकडा शेवटच्या थराच्या खाचेत मसाल्यानं बसवलेला. सळई पाइपात वर-खाली होईल, आडवी जाणार नाही. यातलं कुठलंही घ्या, पण साइज, अंतर आणि फास्टनर तुम्ही लिहून द्या. मी अंदाजानं दर मीटरला एक लावतो, माझ्या अंदाजावर इमारत चालवायची का हे तुम्ही ठरवा.

तिथेच अजून एक. डोक्यावर भोक पाडून सळई चिकटवायचं केमिकल भरायचं म्हटलं की निम्मं केमिकल पोराच्या चष्म्यावर. वरच्या बाजूला मेकॅनिकल फास्टनर सोयीचा, केमिकल खालच्या स्लॅबसाठी ठेवा. आणि खालच्या स्लॅबला केमिकल म्हटलं की भोक साफ करायची पद्धत ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा, ब्रश, फुंकणी, परत ब्रश, परत फुंकणी. एकदा एका कामावर रात्रीत बसवलेले डॉवेल सकाळी सहज म्हणून धरून ओढले तर एक हातात आला. केमिकल सळईला व्यवस्थित चिकटलं होतं, कडक झालं होतं, पण त्याच्या बाहेरून राखाडी धुळीचा एकसारखा थर, जणू पिठात घोळवलेलं. काँक्रीटला चिकटलंच नव्हतं. पोराचं म्हणणं, "साहेब फुंकलं होतं की तोंडानं".

भोक किती खोल हेही तुम्हीच सांगायला पाहिजे कारण घरगुती स्लॅब १२५ मिमीचा, कुठे कुठे त्याहून बारीक, त्यात वरची जाळी, इलेक्ट्रिकलचे पाइप, खालचं कव्हर. ड्रिलवाला बिट आत जाईल तेवढा घालतो, खालच्या फ्लॅटच्या सीलिंगमधून पापुद्रा उडाल्यावर थांबतो. आणि पीटी स्लॅब, म्हणजे आत ताणलेल्या स्टीलच्या केबल असलेला स्लॅब, असेल तर हात जोडून विनंती, त्या मजल्यांवर आम्हाला भोक पाडायला लावूच नका. केबलला बिट लागला तर काय होतं ते तुम्हाला माहितीये. तिथे केबलच्या जागा स्लॅबच्या वर आणि खाली दोन्हीकडे पेंटनं मारून घ्या आणि भिंतीचे स्टार्टर (वर सोडलेल्या सळया) किंवा प्लेट स्लॅब भरतानाच सोडायला लावा. पण त्यासाठी भिंत कुठे येणार हे स्लॅब भरायच्या आधी ठरलेलं पाहिजे, आणि आपल्याकडे मास्टर बेडरूमचं दार कुठे हे गिऱ्हाईक बुकिंगनंतर ठरवतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आर्किटेक्ट आणि सेल्सवाल्यांनी आपापसात काय ते बघावं.

टॉयलेटचा विषय वेगळा घेतो कारण तिथे नुकसान दुहेरी आहे. संकन, म्हणजे खाली दाबलेला स्लॅब, त्याच्या कडेला चार इंची भिंत, वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवलेलं. आता वॉटरप्रूफिंग झाल्यावर कोणी खालून भिंत पकडायला ड्रिल मारला तर गळती नक्की, आणि नाही मारला तर भिंत पाण्यानं कायम ओल्या असलेल्या मसाल्यावर उभी. याला माझ्या अनुभवात एकच स्वच्छ उत्तर आहे, स्लॅबबरोबरच शंभर-दीडशे मिमी उंचीचा आरसीसी कर्ब (छोटा बंधारा) भरून घ्यायचा, भिंतीच्या जाडीचा, त्यातून सळया वर सोडायच्या. पाणी पण अडतं, भिंतीला पाय पण मिळतो, ब्लॉक पाण्यापासून वर राहतो. शटरिंगवाला कुरकुर करतो कारण अरुंद आहे, भरायला किचकट आहे. ड्रॉइंगमध्ये असेल तर करतो. नसेल तर "साहेब नंतर विटा लावून घेऊ".

आणि रिनोव्हेशन! याच्याशी तुमचा थेट संबंध नसतो, पण फ्लॅटवाला इंटिरियरवाल्याला विचारून भिंत हलवतो, सोसायटी एनओसीला कन्सल्टंटचं पत्र मागते, आणि तुम्ही "नवीन भिंत हलक्या ब्लॉकची असावी" एवढं लिहून देता. ती नवी भिंत कुठे उभी राहते माहितीये का? व्हिट्रिफाइड टाइलवर. चकचकीत टाइल, तिच्यावर मसाला, त्यावर ब्लॉक. कोणी हुशार निघालाच तर टाइलमधून चार इंची अँकर मारतो आणि खूश होतो, पण टाइल आणि खालचा बेड मिळून साठ-सत्तर मिमी आधीच गेले, म्हणजे खऱ्या स्लॅबमध्ये गेला जेमतेम सव्वा-दीड इंच. पत्रात दोन वाक्यं वाढवा: टाइल आणि बेड कापून भिंत स्लॅबवर घ्यावी, आणि अँकरची खोली स्लॅबच्या पृष्ठभागापासून मोजावी.

बाजूचा सांधा आणि लांबीचा मुद्दा पटकन सांगतो. कॉलमला दर दोन-तीन थरांनी जीआयची पट्टी किंवा टाय, अर्ध्या विटेच्या भिंतीत दर तिसऱ्या थराला ६ मिमीच्या दोन सळया, हे तर सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या) रेट लिस्टमध्ये आयटम म्हणून जुनंच आहे, खाजगी कामात मात्र गायब. चार मीटरच्या वर लांब भिंत असेल, किंवा दाराशी मोकळं टोक असेल, तर मध्ये आरसीसी स्टिफनर (बारीक उभा खांब) द्या, तो वर-खाली स्लॅबला डॉवेलनं धरलेला. नुसती लिंटेलची (दाराच्या माथ्यावरची आडवी) पट्टी फिरवून तुम्ही समाधान मानता, पण ती पट्टी दोन्ही टोकांना कशात अडकवलीये हे विचारा. बऱ्याच वेळा ब्लॉकमध्येच संपते.

आता नेहमीचं उत्तर, "पुणे-मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये, मध्यम धोका, एवढं कशाला". आपल्या कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला काय झालं ते सातारा-कराडकडच्या घरांमध्ये अजून सांगतात, आणि पाटण भागात अधूनमधून भांडी वाजतातच. किल्लारीचं उदाहरण मी इथे मुद्दाम देत नाही, ती दगड-मातीची घरं होती, तो वेगळा विषय. पण २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरच्या वर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये आरसीसी इमारती पडल्या हे आपण सगळे शिकलो. आणि २५ एप्रिल २०१५ ला काठमांडूत तर उंच अपार्टमेंट इमारतींच्या फ्रेम बऱ्यापैकी उभ्या राहिल्या, पण आतबाहेरच्या विटांच्या भिंती फुटल्या, ढासळल्या, आणि लोकांना फ्लॅट सोडून बाहेर राहावं लागलं. तुमचं डिझाइन पास, घर नापास. २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडनंतर इनफिल भिंतींमुळे (कॉलम-बीमच्या चौकटीत भरलेल्या भिंतींमुळे) फ्रेमच्या ताठरपणावर काय परिणाम होतो हे तुम्ही मॉडेलमध्ये धरायला लागलात, चांगलं झालं. फ्रेम हलल्यावर भिंतीचं काय होतं ते अजून धरायचं राहिलंय.

भूकंप बाजूला ठेवा. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, वारं असं काही सुटतं की परांचीच्या गोण्या उडतात, आणि विसाव्या मजल्यावर खिडक्या बसलेल्या नसतात. त्या वाऱ्यात सकाळी बांधलेली, वर न बांधलेली चार इंची भिंत उभी असते आणि तिच्या आडोशाला दोन हेल्पर डबा उघडून बसलेले असतात. एका दिवसात मीटर-सव्वा मीटरच्या वर चढवू नका असं आम्ही ओरडत असतो, पण ठेकेदाराला मापावर बिल मिळतं, तो छतापर्यंत चढवून मोकळा होतो. तात्पुरता टेका द्यायचा हे पण कोणाच्या शीटवर नाही. जिन्याच्या बाजूच्या भिंतीचं तर सांगायलाच नको, ती पडली तर लोक ज्या रस्त्यानं पळणार तोच रस्ता बंद.

खर्चाचं म्हणाल तर एका फ्लॅटमध्ये लागणारे ॲंगल, फास्टनर, टाय आणि सीलंट यांचं बिल काढून बघा, त्याच फ्लॅटच्या मॉड्युलर किचनच्या हँडलला बिल्डर जास्त देतो. अडचण पैशाची कमी आणि आयटमची जास्त आहे. बीओक्यूत आयटम नाही म्हणून रेट नाही, रेट नाही म्हणून ठेकेदार करत नाही, मी करायला सांगितलं तर म्हणतो "ड्रॉइंग दाखवा". ड्रॉइंग दाखवा म्हटलं की माझं तोंड बंद, कारण खरंच नसतं. रेरात पाच वर्षं स्ट्रक्चरल आणि कारागिरीच्या दोषाची जबाबदारी प्रमोटरवर आहे, कलम १४, तेव्हा बिल्डरलाही हे हवंच असणार, कोणीतरी सांगितलं तर.

म्हणून मागणं एवढंच आहे. तुमच्या सेटमध्ये एक शीट वाढवा, "अंतर्गत भिंती" नावाचं. त्यावर वरचा सांधा, खालचा सांधा, बाजूचा सांधा, मोकळं टोक, टॉयलेटचा कर्ब, आणि सात फुटांवर थांबणारी भिंत. ही शेवटची तर शक्यतो बंदच करा, नाहीतर स्लॅबपासून वरपर्यंत स्टीलचे पोस्ट द्या. एकदा काढलेलं शीट दहा प्रोजेक्टला चालेल, स्लॅबची जाडी आणि मजल्याची उंची तेवढी बदलावी लागेल. दुसरं, ब्लॉकवर्क चालू असताना आणि प्लास्टरच्या आधी एक व्हिजिट लावा, पहिल्या मजल्याचीच चालेल, मॉकअप म्हणून. तिथे मिस्त्री, ठेकेदार आणि मी तिघं उभे राहतो, तुम्ही दाखवा, त्यानंतरचे मजले आम्ही बघून घेऊ. आणि भिंत हातानं ढकलून बघा एकदा, तुमच्या ऑफिसातल्या नवीन पोरापोरींना पण ढकलायला लावा.

काही ऑफिसं असं शीट देत असतीलही, माझ्या वाट्याला आलेलं नाही, त्यांनी राग मानू नये, उलट ते शीट बाकीच्यांना द्यावं. आणि माझ्या हिशोबात कुठे चुकत असेन, ॲंगलपेक्षा सोपं काही असेल, तर तेही लिहा, शिकायला आवडेल.

सध्या ज्या कामावर आहे तिथे पुढच्या आठवड्यात वरचा स्लॅब भरायचा आहे. बाकी सगळं सावकाश आलं तरी चालेल, पण टॉयलेटच्या कर्बचं आणि त्यातून सोडायच्या सळयांचं स्केच तेवढं आधी पाठवा, हातानं काढलेलं असलं तरी चालेल, शटरिंगवाला गुरुवारी येतोय.

आपला,
साइटवरचा एक सिव्हिल इंजिनियर